कोपरा दुमडलेली चिठ्ठी

गेल्या वर्षाच्या शेवटी माझ्यापुढे एकच प्रश्न होता, आणि तो प्रार्थनेत मांडायला मी घाबरत होते. चौतीस वर्षं सोलापुरात नर्सची नोकरी करून मी निवृत्त झाले आणि दोनच वर्षांत यजमान गेले. मुलगा नितीन पुण्यात असतो. तो आणि सून दर फोनला म्हणायचे, आई, एकटी कशाला राहतेस, घर बंद कर आणि कायमची इकडे ये. त्यांचं चुकत नव्हतं. मला जायचं नव्हतं, एवढंच. कारण विचाराल तर सांगण्यासारखं एकही नव्हतं. देवाने मला अजून कशासाठी तरी इथं ठेवलं आहे, असं मी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांना सांगत असे. पण कशासाठी, असं एखादीने विचारलं असतं तर माझी बोलती बंद झाली असती. कुंड्यांना पाणी घालायचं, गुरुवारी महिला मंडळ, रविवारी उपासना. एवढ्यासाठी देव कुणाला सोलापुरात राखून ठेवत असेल, असं मलाही वाटत नव्हतं.

नाताळच्या आठवड्यात नितीनने जरा जोर लावला, तेव्हा मी पळवाट काढली. म्हटलं, नव्या वर्षाचं वचन येऊ दे, ते सांगेल तसं करू. आमच्याकडे ही जुनी रीत आहे. एक जानेवारीच्या सकाळच्या उपासनेनंतर वेदीपुढच्या टेबलावर एक टोपली ठेवतात. तिच्यात घडी घातलेल्या चिठ्ठ्या असतात, प्रत्येकीवर शास्त्रातलं एक वचन. एकेकाने पुढे जायचं, डोळे मिटून प्रार्थना करायची आणि एक चिठ्ठी उचलायची. ते आपलं वर्षभराचं वचन. कुणी ते देवघरात, म्हणजे आमच्याकडे क्रुसाखालच्या फळीवर, ठेवतं, कुणी पाकिटात. नितीन लहानपणापासून हे बघत आला आहे, त्यामुळे तो मुकाट्याने "बरं" म्हणाला.

आता कबुली द्यायची ती इथं. त्या चिठ्ठ्या मी लिहिते. अकरा वर्षं मीच लिहीत आले आहे. डॉक्टरांचं अक्षर कुणाला लागत नाही, म्हणून नर्सला आपलं वळणदार ठेवावं लागतं, असं मी गमतीने म्हणते. आमच्या चर्चचे पास्टर, म्हणजे पाळकसाहेब, वचनांची यादी देतात, मी दीडशे चिठ्ठ्या लिहून घड्या घालून टोपलीत ठेवते. त्या यादीत एक वचन होतं, ज्या ठिकाणी ठेवलं आहे त्याच ठिकाणी विश्वासाने राहा, अशा अर्थाचं. ते लिहिताना माझा हात थांबला. मग मी घडी घातली आणि तिचा एक कोपरा बारीकसा दुमडला. डोळे मिटले तरी बोटाला लागेल असा. टोपलीत सगळ्यांत वर न ठेवता, कडेला, माझ्या उजव्या हाताला येईल अशा बेताने खोचून ठेवली. हे करताना मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ती दुसरी लबाडी होईल. मला हुशारी केल्यासारखं वाटलं. देवाची इच्छा काय असणार हे मला माहीतच आहे, मी फक्त त्याला जरा मदत करते आहे, अशी माझी समजूत होती.

एक तारखेला उपासना भरगच्च झाली. मी पुढून तिसऱ्या बाकावर बसले होते, म्हणजे पंधरावीस माणसांत माझा नंबर येणार. चिठ्ठ्यांची वेळ झाली, आणि पाळकसाहेब म्हणाले, आज बाहेरगावचे पाहुणे आहेत, आधी त्यांना येऊ दे. हे दरवर्षीचं आहे. दीडशे चिठ्ठ्यांचा हिशेब बसवणाऱ्या मला नेमकं एवढंच आठवलं नव्हतं. मागच्या बाकावरून एक बाई उठली. चाळिशी उलटलेली, हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, चपला दाराशी काढून अनवाणी चालत आलेली. टोपलीपुढे तिने बराच वेळ डोळे मिटले. मग हात घातला. वर दीडशे चिठ्ठ्यांचा ढीग, आणि तिचा हात कडेने खाली गेला आणि नेमकी तीच घेऊन वर आला. दुमडलेला कोपरा मला तिसऱ्या बाकावरून दिसला.

माझा नंबर आला तेव्हा मी डोळे मिटलेच नाहीत. जी हाताला लागली ती उचलली. तिच्यात जिभेला आवर घालण्याविषयीचं वचन होतं. मी ती पर्समध्ये टाकली.

बाहेर आवारात चहा आणि केक चालला होता. ती बाई माझ्याच दिशेने आली. कुणीतरी तिला सांगितलं असावं की लिहिणारी बाई ती. तिचं नाव एस्तेर, गाव मंद्रूप. आमच्या मंडळीतली सुमन तिची चुलत बहीण, तिच्याकडे ती पाहुणी आली होती. चिठ्ठी माझ्यापुढे धरून म्हणाली, "सिस्टर, ह्ये वाचून दावा की. मला अक्षर येत न्हाय."

मी वाचून दाखवलं. आयत्या बिळावर नागोबा, असं मनात म्हणत वाचलं, हेही सांगून टाकते.

"म्हंजी हितंच ऱ्हायाचं? कुटं जायाचं न्हाय?"

"तसंच लिहिलंय."

तिचा चेहरा एकदम सैल झाला. "लई बरं झालं बगा," ती म्हणाली. "लई दिस जीव टांगणीला हुता. देवानंच सांगितलं." आणि चिठ्ठी कपाळाला लावून तिने कमरेच्या चंचीत ठेवली.

कुठे जायचं होतं तुला, एवढं मी विचारायला हवं होतं. चौतीस वर्षं मी लोकांना काय होतंय, कधीपासून, कुठे, हेच विचारत आले. त्या दिवशी विचारलं नाही, कारण मला तिचा राग आला होता. मी केकचा तुकडा उचलला आणि दुसरीकडे वळले. संध्याकाळी नितीनचा फोन आला, "काय वचन आलं, आई?" मी जराही न अडखळता एस्तेरची चिठ्ठी त्याला वाचल्यासारखी सांगितली.  तो म्हणाला, "ठीक आहे. मग काय बोलणार." पर्समध्ये जिभेचं वचन तसंच पडून होतं.

पुढच्या रविवारी उपासनेत साक्ष द्यायची वेळ आली, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते उभं राहून सांगायची. सुमन उभी राहिली. तिचा आवाज भरून आला होता. माझ्या बहिणीच्या छातीत गाठ आहे, ती म्हणाली; मिरजेला ऑपरेशनची तारीख मिळाली होती, संक्रांतीनंतरच्या सोमवारची. पण देवाने एस्तेरला वचन दिलं, आहेस तिथंच राहा. तिने विश्वासाने तारीख सोडून दिली. देव तिला घरीच बरं करणार आहे. सगळी मंडळी एका आवाजात "आमेन" म्हणाली. सवयीने मीही म्हणाले.

म्हटलं, आणि मग कानावर पडलेलं डोक्यात शिरलं.  माझी पाचावर धारण बसली. गाठीचं काय होतं, आणि किती महिन्यांत होतं, हे मी वॉर्डात इतकं पाहिलं आहे की मला कुणी सांगायची गरज नव्हती. आणि ती बाई मंद्रूपमध्ये बसून राहणार होती, कारण मला पुण्याला जायचं नव्हतं.

सोमवारी सकाळची एसटी धरली. संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेची तयारी सुरू झालेली, रस्ते वळवलेले, गाडी शहराबाहेर पडायलाच अर्धा तास लागला. वाटेत दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, पाखरं हाकणाऱ्या बायका मचाणावर. मी सगळा वेळ काय बोलायचं ते मनात घोकत होते. रुग्णाला समजावण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. मोठमोठ्या हट्टी माणसांना मी सुईसाठी दंड पुढे करायला लावला आहे.

एस्तेरचं घर गावाच्या कडेला, दोन खोल्यांचं, पत्र्याचं. नवरा चिंचोळी एमआयडीसीत कामाला, तो पाळीवर गेला होता. तिने मला ओळखलं, पाणी दिलं. मी बसलेही नाही. उभ्याउभ्याच सांगून टाकलं. ती चिठ्ठी मी दुमडली होती. माझ्यासाठी. मला सोलापूर सोडायचं नव्हतं म्हणून. त्यात देवाचं काही नाही, माझी लबाडी आहे. तू तारीख सोडू नकोस.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. रागावली नाही, चकितही झाली नाही. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "तुमी दुमडली आसंल, सिस्टर. पर हात माझा गेला न्हवं? त्यो कुणी न्हेला?"

 त्या प्रश्नाला मी बगल दिली. मी गाठीबद्दल सांगितलं, उशिराबद्दल सांगितलं, डॉक्टरांबद्दल सांगितलं. ती प्रत्येक वाक्याला "व्हय, व्हय" म्हणत होती आणि तिळभरही हलत नव्हती. हात दाखवून अवलक्षण करून घ्यायला मी एवढ्या लांब आले होते, दुसरं काही नाही, असं मला वाटायला लागलं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून कुणीतरी ओरडलं, कानडीत. एस्तेर धावली. तिची सासू होती. एक बाजू गेलेली, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली म्हातारी. एस्तेर तिला एकटीने कुशीवर वळवायला बघत होती, आणि तिचा डावा हात वर उचलला जात नव्हता. मी काही न बोलता दुसऱ्या बाजूने गेले आणि चादरीला धरून म्हातारीला वळवलं. पाठीवर, खालच्या बाजूला, पडून पडून झालेला बेडसोअर होता, तळहाताएवढा. वास येत होता. मग बोलणं बाजूला राहिलं. पाणी उकळायला लावलं, पिशवीत नेहमी असतात तसे हातमोजे आणि गॉज होते, जखम धुतली. टाचांवर दाब येऊ नये म्हणून दुसऱ्या हातमोज्यांत पाणी भरून, गाठ मारून म्हातारीच्या टाचांखाली ठेवले. ती मला कानडीतून शिव्या घालत होती. मला कानडी येतं ते वॉर्डातलं, दुखतंय का आणि पाणी हवं का एवढंच, त्यामुळे शिव्या नीट कळल्या नाहीत.

एस्तेर शेजारी बसून बघत होती. मी मान वर न करता पट्टी बांधत होते, आणि कदाचित त्यामुळेच ती बोलली.

"मी मिरजंला गेले तर हिला कोण बगणार? घरधनी बी माज्यासंगं येणार. नणंदा फोन उचलत न्हाईत. पंद्रा दिस, तीन आटवडे. पडून पडून मरंल की ही." मग म्हणाली, "त्या दिशी टोपलीपुढं मी काय मागितलं, सांगू? मागितलं, देवा, तूच सांग जाऊ नगं म्हून. म्हंजी माज्या डोक्यावर काई ऱ्हाणार न्हाय."

हे ऐकून माझे हात थांबले. ती आणि मी एकाच टोपलीपुढे एकच गोष्ट मागायला गेलो होतो. तिने डोळे मिटून मागितली, मी कोपरा दुमडून. एवढाच काय तो फरक. दोघींनाही देवाचा शब्द नको होता, आपल्या भीतीवर त्याची सही हवी होती. मला रडू आलं. म्हातारीच्या पायाशी बसून मी रडले, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

"राहायचं लिहिलंय ना?" मी म्हणाले. "मी राहते. इथं, हिच्याजवळ. तू जा."

हे बोलायचं ठरवून मी आले नव्हते. तोंडातून निघून गेलं, आणि निघाल्यावर ते मागे घ्यावंसं वाटलं नाही.  एस्तेरने देवाचं नाव घेतलं नाही, आभारही मानले नाहीत. फक्त विचारलं, "किती दिस?"

"तू परत येईपर्यंत."

"हिला पातळ ज्वारीची आंबील लागती. मीठ कमी," ती म्हणाली. तेव्हा मला कळलं की ती जाणार.

सोडलेली तारीख परत मिळवायला दोन दिवस फोन करावे लागले. मिरजेच्या दवाखान्यात माझ्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण अजून नोकरीत होती, हे मला त्या दोन दिवसांत आठवलं; आधी आठवायचं काही कारणच नव्हतं. सोमवारऐवजी बुधवार मिळाला. एस्तेर आणि तिचा नवरा गेले आणि मी त्या पत्र्याच्या घरात राहिले, तेवीस दिवस. दर दोन तासांनी म्हातारीला वळवायचं, जखम धुवायची, आंबील पाजायची. ती रोज मला शिव्या द्यायची आणि आंबील संपवायची. जखम हळूहळू कडेने लाल होऊ लागली, म्हणजे भरू लागली. शेजारच्या दोन सुना बघायला यायच्या. त्यांच्याही घरात पडलेली माणसं होती. मी त्यांना चादर कशी ओढायची ते दाखवलं. याला कुणी सेवा म्हटलं नाही, मलाही ती वाटली नाही. सकाळ झाली की काम असे आणि दुपार झाली की कंबर दुखे. देवाने मला कशासाठी ठेवलं आहे, हा प्रश्न त्या तेवीस दिवसांत मला एकदाही पडला नाही. हे मला घरी परतल्यावर जाणवलं.

तिथूनच एका दुपारी मी नितीनला फोन केला आणि खरं सांगितलं. चिठ्ठीचं, कोपऱ्याचं, खोट्याचं, सगळं. तो आधी हसला. "म्हणजे तू देवाची चिठ्ठी फिक्स केलीस?" मग त्याचं हसू थांबलं.

"यायचं नव्हतं तर तसं सांगायचंस ना, आई. मी काय ओढून नेणार होतो? देवाला कशाला मध्ये घातलंस?"

तो दुखावला होता. देवापेक्षा मी त्यालाच जास्त फसवलं होतं, कारण देवाला तरी सगळं दिसत होतं. मी म्हणाले, "मला यायचं नाही, नितीन. अजून नाही. कारण माहीत नाही." इतकं साधं वाक्य बोलायला मला कितीतरी महिने आणि एवढा खटाटोप लागला. तो म्हणाला, "बरं. म्हातारीला जप." आणि मग त्याने बेडसोअर म्हणजे काय असतं ते विचारलं, आणि आम्ही अर्धा तास बोललो. कितीतरी दिवसांत आम्ही तसं बोललो नव्हतो.

एस्तेर परत आली ती वाळून गेलेली, एका खांद्याने किंचित कललेली. गाठ वेळेत निघाली होती, पुढचे उपचार सोलापुरातच होणार होते. ते अजून चालू आहेत. तिचे केस गेले, आता परत येत आहेत. आल्या आल्या ती आधी सासूकडे गेली, पांघरूण वर करून तिने जखम बघितली, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मला वाटलं हुतं, तुमी चार दिसांत पळून जाताल." आम्ही दोघी हसलो. म्हातारीही हसली, तिला काय कळलं देव जाणे.

त्यानंतरच्या रविवारी मी मंडळीपुढे उभी राहिले आणि सगळं सांगितलं. कुणी आमेन म्हटलं नाही. सुमन खाली बघत होती. पाळकसाहेबांनी पुढचं गीत सांगितलं. चिठ्ठ्या लिहायचं काम मी स्वतःहून सोडलं. कुणी लिहा म्हणून आग्रहही केला नाही, आणि ते योग्यच झालं. माझ्या लबाडीतून चांगलं निघालं म्हणून लबाडी चांगली होत नाही. पण एवढं मात्र मला दिसतं की ती चिठ्ठी माझ्या हाताला लागली असती, तर एस्तेर दुसरं कुठलं तरी कारण काढून घरीच राहिली असती, आणि मला ते कधी कळलंही नसतं. याचा अर्थ लावायचा मी प्रयत्न करत नाही. आभार मानते.

मंगळवारी मी मंद्रूपला जाते, तिथून आणखी दोन घरांत. वर्षभर असंच चाललं आहे. आता नितीनकडे बाळ येणार आहे. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. या वेळी त्याने आग्रह केला नाही, नुसतं सांगितलं, "तुझ्या सुनेला पहिले सहा महिने तू हवी आहेस." सहा महिने म्हणजे किती ते मला ठाऊक आहे, नातवाच्या बाबतीत महिने मोजत नसतात. एस्तेरच्या शेजारच्या सुना म्हणाल्या, तुमी जावा, आमी बगतो. आणि त्या बघतील, इतकं त्यांना आता येतं. मी अजून होकार दिलेला नाही, पण देईन असं दिसतंय. रोज सकाळी मी देवाला सरळ सांगते, मला सोलापूर सोडायचं नाही. त्यानंतर "पण तू म्हणशील तसं" हे म्हणायचं असतं, आणि तिथं मला अजूनही थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ तो थांबतो, यासाठी मी त्याची ऋणी आहे.